वेग मोजायचा तर शिमग्याला

मित्रांनो, मला जुना म्हणा, पिवळा पडलेला म्हणा, एका शिंगाचा म्हणा, मला राग यायचा नाही. पण 'बिघडलेला' म्हणालात, तर मात्र आपलं जमायचं नाही. मी राऊटर आहे. लोक मला वायफायचा डबा म्हणतात. तुमच्या मोबाईलवर गाणं वाजतं, सिनेमा दिसतो, दूरच्या मामाचा चेहरा हलतो-बोलतो, ते सगळं माझ्यासारख्याच कुणाच्या तरी पोटातून गेलेलं असतं. त्याबद्दल आजवर मला कुणी शाबासकी दिलेली नाही. पडद्यावर गोल फिरायला लागलं, की पहिली थप्पड मात्र मलाच बसते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुठल्या ते मला आठवत नाही, कारण तासाभरात आम्ही चारशे भावंडं जन्मलो आणि कुणाकडे नीट बघायलाही कुणाला वेळ नव्हता. एका बाईनं मला चालू केलं, माझे पाचही दिवे लागतात का ते पाहिलं, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपवून टाकलं. डोळे उघडले ते थेट बोर्ली पंचतनला, सदाच्या दुकानात.

हा सदा म्हणजे बोर्लीजवळच्या आमच्या वाडीचाच माणूस. आधी तो टीव्हीची केबल द्यायचा, मग इंटरनेट द्यायला लागला. दुकानापासून वाडीपर्यंत त्यानं स्वतः तार ओढली होती. खांब मिळाला तिथं खांबावरून, नाही मिळाला तिथं माडावरून. माडाचा मालक म्हणायचा, 'तार बांध, पण मला कनेक्शन अर्ध्या पैशात दे.' सदा म्हणायचा, 'चालतंय.' एक स्कूटर, एक शिडी आणि हे 'चालतंय' एवढ्यावर त्याचा धंदा उभा होता.

सहा वर्षांपूर्वी सदानं मला येसाजीकाका आणि कमळकाकी यांच्या घरी आणलं. त्यांचा मुलगा जीवन बायकोसह नालासोपाऱ्याला राहतो, लेक विनिता माणगावला दिलेली. घरात दोघंच. काकांनी मला देवघराशेजारी बसवायला लावलं. म्हणाले, "चांगली चीज हाय, देवाजवळ ऱ्हाऊ दे." आणि काकीनं माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला. अहो, राऊटरच्या डोक्यावर रुमाल! माझ्या पाठीला भोकं आहेत ती हवा खायला, हे तिला कोण सांगणार? पहिल्याच उन्हाळ्यात मी तापून बंद पडलो. सदा आला, त्यानं रुमाल उचलला आणि म्हणाला, "काकी, यालापण उकडतं."

ते दिवस चांगले होते. काका कबड्डीच्या मॅची बघायचे आणि खेळाडूंना जागेवरून शिव्या घालायचे. काकी रोज संध्याकाळी जीवनला फोन लावायची आणि सुनेला कोंबडीची पिल्लं दाखवायची. शेजारपाजारचे अंगणाच्या दगडी गडग्यावर येऊन बसायचे, कारण माझा पासवर्ड वाडीत सगळ्यांना पाठ होता. काकांनीच तो देवळात सांगून टाकला होता. "हवा हाय, हवेचे काय पैसे घ्यायचे?" असं त्यांचं म्हणणं. सणाला मुंबईहून चाकरमानी आले, की त्यांच्याही मोबाईलमध्ये तो पासवर्ड जाऊन बसायचा. मी काही बोललो नाही. माझं एक शिंग, म्हणजे अँटेना, मांजरानं मोडलं तेव्हाही मी बोललो नव्हतो.

आता खरं तेही सांगतो. सदाची तार काही सोन्याची नव्हती. माडाचा झाप पडला की तार तुटायची. वानरं तिला लोंबकळायची. पावसाळ्यात महिन्यातले चार दिवस मी नुसता लाल डोळा करून बसून असायचो, आणि सदाचा फोन लागायचा नाही. लोक वैतागायचे, आणि त्यांचं वैतागणं बरोबरच होतं.

मग यंदाच्या पौषात काका विहिरीच्या पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. जीवन गाडी घेऊन आला आणि त्यांना मुंबईला घेऊन गेला. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, वॉकर धरून रोज चाला. पण काका चालेनात. पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जीवन फोनवर काकीला सांगायचा, "आई, बाबा वॉकरला हातच लावत नाहीत. काही विचारलं तर म्हणतात, आता कशाला?"

काकी तिकडे का गेली नाही, असं तुम्ही विचाराल. गेली होती, पंधरा दिवस राहून आली. पण शिमगा जवळ आला होता. आमच्याकडे शिमग्याला ग्रामदेवाची, बहिरीची पालखी प्रत्येक घरी जाते. त्या दिवशी घर बंद ठेवायचं नाही, दारात कुणीतरी ओटी भरायला उभं पाहिजे. पालखी अंगणात आली, की घरधन्यानं देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. म्हणजे मोठ्यानं, सगळ्यांसमोर देवाकडे मागणं मागायचं. तो एक ओळ म्हणतो, आणि जमलेले सगळे लगेच म्हणतात, "व्हय म्हाराजा!" पुन्हा एक ओळ, पुन्हा "व्हय म्हाराजा!" काकांनी चाळीस वर्षं आपल्या अंगणात गाऱ्हाणं घातलं होतं. घरधनी नसेल तर गावकीचा प्रमुख त्याच्या जागी म्हणतो. त्यात पाप काही नाही. पण काका एका संध्याकाळी फोनवर म्हणाले, "यंदा माझ्याबिगर पालखी जानार अंगनातनं. म्हंजे आमचं आटपलं."

ते वाक्य माझ्यातूनच आलं.

दुसऱ्या दिवशी तिनं फोन लावला आणि सरळ सांगितलं, "अहो, ऐका. गाऱ्हानं तुमीच घालायचं. तिकडनं. विनिता फोन धरंल पालखीसमोर."

"यडी का काय तू?" काका म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपण होऊन विचारलं, "पालखी आपल्याकडं कवा येतेय?" आणि आठवडाभरानं सुनेनं सांगितलं, की बाबा दुपारी उशीला टेकून काहीतरी पुटपुटत असतात, सालाबाद, लेकरू असं काहीतरी. काकी फोन ठेवून हसली. मग पदरानं डोळे पुसले. तिला वाटत होतं, हे एवढं झालं तर ते उठतील. आणि हे झालं नाही तर ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि मग त्यांना कुणी वळवू शकणार नाही.

नेमकी त्याच सुमारास वाडीची सभा भरली. आमच्या वाडीत मोठं काही ठरवायचं तर गावकीत ठरतं, आणि एकदा ठरलं की सगळ्यांसाठी ठरलं. विषय होता इंटरनेटचा. माणगावहून अल्पेश नावाचा तरुण नव्या कंपनीची माहिती घेऊन आला होता. त्याचं इंटरनेट तारेनं येत नव्हतं. टेकडीवर मोबाईलचा टॉवर आहे, त्याच्याकडून हवेतून यायचं. छपरावर एक पांढरी डबी लावली की झालं. वेग शंभरचा, सहा महिने महिन्याला चारशे रुपये, वर सिनेमे फुकट. पण वीस घरांनी एकदम घेतलं तरच हा भाव. सदाचा वेग होता तीसचा आणि भाव पाचशे.

सभेला मी नव्हतो, पण रात्रीच्या जेवणाआधी काकीनं विनिताला सगळं फोनवर सांगितलं, त्यामुळे मला अक्षरन् अक्षर कळलं. अल्पेशनं देवळाच्या मंडपात मोबाईलवर वेग दाखवणाऱ्या काट्याची परीक्षा घेतली. काटा सरसर सरकत ब्याण्णववर गेला. मग सदाच्या वायफायवर तीच परीक्षा घेतली. काटा अठ्ठावीसवर जाऊन धापा टाकत उभा राहिला. गावकीचे प्रमुख नामातात्या म्हणाले, "सदा, कमी येगाला जास्ती पैसं. आमी काय यडं हाय का?"

सदा उभा राहिला. म्हणाला, "तात्या, आज वाडीत माणसं किती? पन्नास. निम्म्या घरांना कुलपं. शिमग्याला चारशे येतील, आणि चारशेचे चारशे फोन त्याच टॉवरला लटकतील. वेग मोजायचा तर शिमग्याला मोजा."

"हरनारा असंच बोलतो," कुणीतरी म्हटलं, आणि मंडप हसला.

काकी मागे बायकांत बसली होती. तिनं एकच प्रश्न विचारला, "हिकडनं बोललेलं तिकडं लगेच पोचंल का?"

अल्पेश म्हणाला, "काकी, एकदम मक्खन! फिल्म लावून बघा ना, अटकणारच नाय."

मित्रांनो, इथं जरा थांबा आणि नीट ऐका. तो अल्पेश काही लबाड माणूस नव्हता. पण काकीनं विचारलं होतं घरातून बाहेर काय जातं आणि किती लवकर पोचतं, आणि त्यानं सांगितलं घरात काय येतं. काटाही तेच मोजत होता. बाहेर जाणाऱ्याचा वेग वेगळा असतो, तो कुणी मोजलाच नाही. आणि मोजलं तेही रिकाम्या वाडीत. आमच्या वाडीला वर्षाचे दहा महिने रिकामं राहायची इतकी सवय झाली आहे, की भरलेली वाडी कशी असते ते सभेत कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

ठरलं. वीस घरं नव्या कंपनीकडे गेली. सदा एकेका घरी जाऊन आपली तार सोडवत होता. काकीकडे आला तेव्हा तिला त्याच्या तोंडाकडे बघवेना. म्हणाली, "सदा, गावकीचं ठरलं रे. मी एकलीनं कसं म्हनू?"

"चालतंय काकी," सदा म्हणाला. पण या वेळी ते त्याला चालत नव्हतं, हे मलासुद्धा कळलं. त्यानं तार कापली नाही. तिची गुंडाळी केली आणि वळचणीला खिळ्याला अडकवली. "राहू दे इथं. डबा तुमचाच आहे, तुम्ही पैसे मोजलेत."

काकीनं मला एका जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवलं. मला वाईट वाटलं. का नाही वाटणार? सहा वर्षं ज्या घराचं सगळं सुखदुःख पोटातून नेलं, त्या घरात आता दुसरा उभा होता. माळ्यावरून मला त्याचं कौतुक ऐकू यायचं. आणि खोटं कशाला बोलू, महिनाभर तो चाललाही झकास. सिनेमे अडकत नव्हते. काकांचा चेहरा म्हणे एवढा स्वच्छ दिसायचा, की काकी त्यांना 'दाढी करा' म्हणून सांगायची. मी वर बसून जळत होतो.

मग शिमगा आला. कुलपं निघाली, अंगणं सारवली, माणगावहून विनिता आली, मुंबईहून एस.टी. भरभरून चाकरमानी उतरले. आणि पालखी घरोघरी निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी काकीनं फोन लावला, तर पडद्यावर काका तोंड उघडं ठेवून थिजलेले. आवाज तुटत होता. "सा... बाद... ले..." एवढंच. विनिता फोन घेऊन गोठ्याच्या छपराशी गेली, गडग्यावर चढली, विहिरीपाशी उभी राहिली. कुठूनही तेच. तिनं अल्पेशला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "ताई, टॉवरला लोड आहे. दोन-तीन दिवसांत होईल नॉर्मल."

दोन-तीन दिवसांत, म्हणजे शिमगा संपल्यावर.

विनिता म्हणाली, "आई, आपण चित्रीकरण करू आणि मग बाबांना पाठवू. शांतपणे बघतील."

"गाऱ्हानं म्हंजे काय लग्नाची कॅशेट हाय?" काकी एकदम कडाडली. "लोकांनी आज व्हय म्हनायचं आन् त्यांनी दोन दिसांनी बगायचं? मग ते बोलनार कुनाशी?" आणि मग बारीक आवाजात म्हणाली, "त्यांनी नवा सदरा काढून ठेवलाय गं."

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला ढोल जवळ आले. पालखी शेजारच्या अंगणात पोचली होती. आता तिथलं आटोपलं की आमच्याकडेच. विनितानं फोन लावला होता. काका खुर्चीत बसले होते, नवा सदरा, डोक्याला टोपी, आणि चित्र पुन्हा थिजलेलं. नामातात्या गडग्यापाशी येऊन हळूच म्हणाले, "वैनी, गाऱ्हानं मी घालू का? पालखी थांबत न्हाय." त्यांचा हेतू चांगलाच होता. काकीनं थिजलेल्या पडद्याकडे बोट दाखवलं.

सदा पालखीबरोबर होता. वाडीचाच तो, खांद्यावर पालखीचा दांडा होता त्याच्या. त्यानं काकीचं तोंड पाहिलं, दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला आणि गडगा ओलांडून आला.

"काकी, जुना डबा कुठं टाकलात?"

"माळ्यावर."

तो माळ्यावर कसा चढला ते त्यालाच ठाऊक. मला पातळासकट बगलेत मारलं आणि खाली आणलं. वळचणीची गुंडाळी सोडली, तार आत ओढली. दुकानातल्या माणसाला फोन करून ओरडला, "अरे, येसाजीकाकांची लाईन चालू कर, आत्ताच्या आत्ता!" आणि मला वीज दिली.

मित्रांनो, मी म्हातारा आहे. मला जागं व्हायला दोन मिनिटं लागतात. एक दिवा, मग दुसरा. शेजारच्या अंगणातलं गाऱ्हाणं संपत आलं होतं. सदा माझ्यापुढे उकिडवा बसून पुटपुटत होता, "ऊठ बाबा, ऊठ." मी काय मुद्दाम करत होतो? तेवढ्यात बाहेरून नामातात्यांचा आवाज आला, "नाचवा रे! पालखी अजून एक फेरा नाचवा!" पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची रीतच आहे, आणि एक फेरा जास्त झाला तर देव रागावत नाही. ढोल पुन्हा घुमले. माझा तिसरा दिवा लागला, चौथा लागला, पाचवा हिरवा झाला. सदाची तार तीसचीच होती, पण तिच्यावर आता कुणीही उरलं नव्हतं. सगळे तिला सोडून गेले होते. ती मोकळी पडली होती.

मला वाटलं, जिंकलो. आणि त्याच क्षणी एकेक जण माझ्यावर येऊन पडायला लागला. पाच, नऊ, सतरा, एकतीस! अंगणाभोवती जमलेल्या चाकरमान्यांच्या मोबाईलमध्ये माझा जुना पासवर्ड होताच. मी जागा झालो आणि त्यांचे फोन आपण होऊन मला चिकटले. कुणाचं गाणं, कुणाची मॅच, कुणाचे दोनशे फोटो. विनिता ओरडली, "सदाभाऊ, पुन्हा अडकलं!"

सदानं आपल्या मोबाईलवर माझ्या अंगावर लटकलेल्यांची यादी पाहिली आणि तो ओटीवर येऊन बोंबलला, "वायफाय बंद करा रे सगळ्यांनी! काकांना गाऱ्हाणं घालायचंय!"

"आम्ही कुठं जोडलाय? तो आपोआपच जोडला गेला," असं म्हणत कमलेश नावाच्या एका चाकरमान्यानं फोन काढला आणि बंद केला. मग त्याच्या शेजारच्यानं. मग गडग्यावरच्या पोरींनी. ढोलवाल्यानं ढोल काखेत धरून फोन बंद केला. सदा आकडे वाचत होता, "सव्वीस... पंधरा... सहा... दोन." मला प्रत्येक सुटका कळत होती. शेवटी, सदाचा स्वतःचा वगळता, विनिताच्या हातातला एक फोन आणि आणखी एक, एवढे दोनच राहिले. तो आणखी एक कुणाचा म्हणून शोध घेतला, तर नामातात्यांचा! त्यांना तो बंदच करता येत नव्हता. ते गोंधळून फोन उलटासुलटा करत होते. सदानं तो त्यांच्या हातातून घेतला, बंद केला आणि परत त्यांच्या खिशात घातला. तात्या म्हणाले, "आता जातंय का?" सदा म्हणाला, "आता जातंय."

पालखी अंगणात आली. विनितानं फोन पालखीसमोर धरला, कुणीतरी आपला छोटा स्पीकर त्याला जोडला. पडद्यावर काका हलले. त्यांनी टोपी नीट केली, हात जोडले, आणि त्यांचा आवाज अंगणात घुमला.

"बा बहिरी म्हाराजा! सालाबादप्रमानं आज तू लेकराच्या अंगनात आलास!"

"व्हय म्हाराजा!"

तो हुंकार मी उचलला आणि पळवत नेला. मध्ये कुठंही थांबलो नाही. काकांना तो ऐकू आला, कारण त्यांची मान लगेच वर झाली.

"लेकरू आज अंगनात न्हाय. पाय मोडून मुंबईत बसलंय. पर त्याचा सबूद अंगनात हाय, तो मानून घे!"

"व्हय म्हाराजा!"

"वाडीतली लेकरंबाळं, गुरंढोरं, माडपोफळी सांभाळ! जो भाईर राबतोय त्याला यश दे, जो हितं घर राखतोय त्याला बळ दे!"

"व्हय म्हाराजा!"

आणि काका थांबले. विनितानं घाबरून सदाकडे पाहिलं, सदानं माझ्याकडे. मी माझ्या पोटात सगळीकडे शोधलं. माझ्याकडे काही अडकलं नव्हतं. तो शब्द काकांनी अजून तोंडातून काढलाच नव्हता. ते पडद्यावर काहीतरी बघत होते. पालखीच्या मागे, ओटीच्या कडेला, आरतीचं ताट धरून काकी उभी होती.

"म्हाराजा," काका म्हणाले, आणि आता ते ओरडत नव्हते, "चाळीस वर्सं तुज्याकडं मागतोय. भाताचं मागितलं. पोरांचं मागितलं. म्हशीचंसुदीक मागितलं. घरधनिनीचं नाव कदी काडलं न्हाय. ती तिथं ताट धरून हुबी हाय. तिचे गुडगे दुकतात, ती सांगत न्हाय. कमळेला सुकात ठेव."

पुरुषमंडळी गप्पच राहिली. असं मागणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, आणि त्याला व्हय म्हणायचं असतं का, ते त्यांना उमजेना. बायका गाऱ्हाण्याला हुंकार देत नाहीत, आमच्याकडे तशी रीत नाही. पण त्या दिवशी पहिला आवाज बायकांतून आला. कुणाचा ते कळलं नाही. मग सगळ्या बायका, आणि त्यांच्या पाठोपाठ सगळं अंगण म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

काकी ताट घेऊन पुढे आली आणि तिनं देवाला ओवाळलं.

आठ दिवसांनी जीवनचा फोन आला. काकांनी वॉकर धरला होता. पहिल्या दिवशी दारापर्यंत, दुसऱ्या दिवशी जिन्यापर्यंत. परत येताना सुनेला म्हणाले म्हणे, "तिकडं ती एकली हाय."

पुढच्या सभेत नामातात्यांनी स्वतःच विषय काढला. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं, असं ठरलं. नऊ घरं सदाकडे परत आली, अकरा नव्या कंपनीकडे राहिली. सदानं भाव साडेचारशे केला आणि आता त्याचा फोन लागतो. अल्पेशनं कंपनीच्या मागे लागून टॉवरवर आणखी यंत्रं मागवली आहेत. दोघंही नीट वागायला लागले, हा वाडीचा फायदा. आणि एक सांगतो, अल्पेश आता कुठल्याही गावात गेला की आधी विचारतो, "तुमच्याकडे गर्दीचा सण कुठला?"

मी पुन्हा देवघराशेजारी आहे. सदा म्हणतो, वर्षभरात मला बदलावं लागेल. बदलू दे. मला त्याचं दुःख नाही. तोवर माझ्या पाठीवरची धूळ पुसा, मला वारा लागू द्या, आणि नवा आला म्हणून मला उकिरड्यावर टाकू नका, दुरुस्ती करणाऱ्याकडे द्या.

पण मित्रांनो, मी तर डबा. माझ्या अंगावर किती जण लटकलेत ते सदाला यादीत दिसतं, तो ओरडून त्यांना सोडवतो. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही 'किती वेळ लावतेस' म्हणून रोज बोलता. त्या माणसाची यादी कुठल्याच पडद्यावर दिसत नाही. त्याला हळू म्हणण्याआधी त्याच्यावर किती जण एकदम लटकलेत ते मोजा. आणि त्यातला एक तुम्ही निघालात, तर थोडा वेळ बाजूला व्हा.